ओटीचा उतार

दादा, तारीख अकरा फेब्रुवारी, खोडाळ्याचा बाजाराचा दिवस. रक्कम नऊ लाख. हजर चौघं: तू, सुमनवहिनी, घर घेणारा मधुकर जीपवाला आणि मी. कागद नव्हता. चार कप चहा होता आणि मधुकरने इसार म्हणून तुझ्या हातावर ठेवलेले एकवीस हजार होते. तू ते न मोजता वहिनीकडे दिलेस. मी वहिनीच्या हातातून घेऊन मोजले. बरोबर होते. तू मधुकरला म्हणालास, "ही आमची यमी. देवळात गेली तर घंटा पन मोजून वाजवंल."

सगळे हसले, मीही हसले. पण हसून झाल्यावर म्हटलं, "साठेखत करून घ्या. पाचशेचा स्टँप लागेल, मी आणते." तू हात झटकलास. "यमे, वीस वर्सं ह्याच्या जीपचं पंक्चर मी काढतोय. टायर कळला का मानूस कळतो. जो वाकडा चालवतो त्याचा टायर एका अंगानं घासतो. ह्याचा बग, चारी अंगानं सारका."

"आणि टायर बदलला तर?" मी विचारलं.

तू उत्तर दिलं नाहीस. आठ दिवसांनी करू म्हणालास, मग शिमगा होऊ दे म्हणालास. शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात तू गेलास. त्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे बाकी आहे. मी ते सोडलेलं नाही.

तू गेल्यावर काय काय झालं ते तुला सांगायला हवं. वहिनी सांगणार नाही. तिला त्यातलं अर्धंच आठवतं आणि उरलेलं अर्धं ती आठवू इच्छित नाही. म्हणून मी लिहिते.

दुपारी जेवून तू ओटीवर भिंतीला टेकून बसलास आणि बसलेलाच राहिलास. वहिनी जव्हारला दवाखान्याच्या स्वयंपाकघरात ड्युटीवर होती. शेजारच्या काकीने तुला दोनदा हाक मारली. तिला वाटलं, डुलकी लागली असेल. मी मोखाड्याहून पोचले तेव्हा तुला आत घेतलं होतं. भिंतीवर, तुझं डोकं जिथे टेकायचं तिथे, तेलाचा डाग होता. तो वर्षानुवर्षांचा होता. "भिंत खराब होते," असं मी कितीदा म्हटलं असेल. त्या दिवशी वाटलं, बरं झालं तू ऐकलं नाहीस.

तुझे दिवस झाले. पाव्हणे गेले. नंतरच्या रविवारी मधुकर आला. जीप रस्त्यावरच लावली, ओटीवर चढला नाही. अंगणात उभा राहून चप्पल काढावी की नाही याचा विचार करत राहिला. मी ओळखलं, हा काहीतरी कमी करायला आलाय. बचत गटांचे हिशोब बघत माझी अर्धी हयात गेली. हप्ता कमी आणलेली बाई अशीच दाराशी उभी राहते.

आमचे हे माझ्याबरोबर होते. मधुकर त्यांच्याकडे बघून बोलायला लागला. "भावजी, तुमी समजून घेनार. मी तसला काय मानत नाय. पन घरात बायको हाय. ती बोलते, धनी ओटीवर गेला, तो ओटी सोडनार नाय. अशा घरात ती पाय ठेवायला तयार नाय."

हे म्हणाले, "हिशोब हिचा. मी चहा प्यायला आलोय."

मग तो माझ्याकडे वळला. "यमुनाबाय, राग मानू नको. पन मयताच्या घराचा भाव थोडा खाली येतोच."

"किती खाली?"

"दीड लाख. साडेसातला करू. उद्या बोललीस तर उद्या देतो."

दादा, मला आधी राग आला नाही. आधी मी आकडा बघितला. "दीड लाख कसे काढलेस?" मी विचारलं. "पाऊण का नाही? दोन का नाही?"

"असा मोजत नाय बाय. अंदाज असतो."

"मग तो अंदाज मला सोडवून दाखव. माझा भाऊ मेला त्याचे दीड लाख कुठल्या कुठल्या बाबीचे झाले ते सांग. मी प्रत्येक बाब बघते."

त्याचा चेहरा पडला होता, पण आकडा पडला नव्हता. "इथला घर इथल्याच समाजाचा मानूस घेनार," तो हळू म्हणाला. "बाहेरचा घेऊ शकत नाय. तुला दुसरा गिऱ्हाईक मिळतो का बग. मी थांबतो."

हे खरं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. आपल्या आदिवासींच्या जागा आपल्यातच विकायच्या, असा कायदा आहे आणि तो चांगलाच आहे. नाहीतर हे डोंगर कधीच दुसऱ्यांच्या नावावर गेले असते. पण त्याच कायद्यामुळे घेणारे मोजके, आणि त्यातही ज्यांच्याकडे नऊ लाख आहेत असे खोडाळ्यात किती? एक मधुकर, आणि दुसरा आधीच घर घेऊन बसलेला. कागद नाही हेही त्याला माहीत होतं. नऊ लाखांचा सौदा चौघांच्या ध्यानात होता. त्यातला एक तू.

तो गेल्यावर मी रडले. दीड लाखासाठी नाही. त्याने ती बेरीज माझ्यासमोर केली असती तर मला चाललं असतं. अंदाज म्हणाला म्हणून रडले.

आता वहिनीचं सांगते. तुम्ही दोघांनी जव्हारला दवाखान्याजवळ ज्या दोन खोल्या बघितल्या होत्या, त्यांचे आठ लाख ठरले होते. पंचवीस हजार तू देऊन ठेवले होतेस. उरले पावणेआठ, आणि स्टँप, नोंदणी सगळं धरून पंचावन्न हजार. म्हणजे आठ लाख तीस हजार. खोल्यांचा मालक मे अखेरपर्यंत थांबेन म्हणाला होता. मधुकरच्या साडेसातातून इसाराचे एकवीस वजा केले तर वहिनीच्या हातात सात लाख एकोणतीस हजार येणार. एक लाख एक हजार कमी पडत होते. दवाखान्यातल्या स्वयंपाकाच्या पगारातून ते उभे राहत नाहीत. आणि खोल्या गेल्या असत्या तर वहिनीला पुन्हा रोज पहाटेची एसटी, घाट, आणि संध्याकाळी ह्या घरात परत.

हे सगळं मी वहिनीला मांडून सांगितलं. ती मागच्या दारात बसून नागलीचं पीठ चाळत होती. तू गेल्यापासून ती पुढच्या दाराने जातच नव्हती. विहिरीकडून वळसा घालून मागून यायची.

"देऊन टाक त्याला," ती म्हणाली.

"एक लाख एक हजार कुठून आणायचे?"

"नाय आनायचे. खोल्या नाय घ्यायच्या. काकीकडं ऱ्हाईन. मला ह्या ओटीवरून जाता येत नाय, यमुना." आणि मग चाळणी थांबवून म्हणाली, "मधुकरची बायको खोटा नाय बोलत. हाय तो हितं."

आता सांग, मी कुणाशी भांडायचं? घेणारा म्हणतो घरात मयत आहे म्हणून भाव कमी. विकणारी म्हणते, बरोबर आहे.

मी रात्रभर काही केलं नाही, सकाळी रामजी भगताला फोन लावला. सूर्यमाळच्या खालच्या पाड्यावरचा, तुझ्याकडे मोटारसायकलला हवा भरून घ्यायचा आणि पैसे द्यायला विसरायचा, तोच. मी विचार केला: घरातून मयत बाहेर काढायला दीड लाख लागतात असं मधुकर म्हणतो. ठीक. मग हे काम करणाऱ्यालाच दर विचारू.

"मयत कुटं झाला?" भगताने विचारलं.

"ओटीवर."

"निजून का बसून?"

"बसून."

"मग सोपा हाय. निजलेल्याला उठवायला वेळ जातो. कोंबडा तुमचा, नारळ, लिंबू, तांदूळ तुमचा. माजं अकराशे."

"दीड लाखाचं काही काम असतं का यात?"

तो फोनवर इतका हसला की त्याला खोकला आला. "दीड लाखात मी अक्का पाडा भाहेर काडून दीन!"

मी मधुकरला फोन केला. म्हटलं, "तुझ्या बायकोची भीती मी मानते. ती भीती घालवायचा खर्च अकराशे, कोंबड्याचे सहाशे, बाकी सामान तीनशे. दोन हजार. ते मी घालते. तुझ्या बायकोने समोर उभं राहून बघावं. मग नऊ लाख." तो म्हणाला, "आनतो तिला." एवढंच. नऊला हो म्हणाला नाही.

दादा, तोपर्यंत मी हे हिशोबासारखं केलं होतं. समोरच्याने एक बाब लावली, मी तिचा खरा दर आणला. आपण कोंबडा आणि अकराशे रुपये देऊन नक्की काय विकत घेतोय, हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ते शिरलं भगत येऊन पाट मांडून बसल्यावर. सुपात तांदूळ घेऊन त्याने दाणे पाडले, बघितले आणि म्हणाला, "रक्ताचा कोन?"

"मी बहीण."

"मग तू बोलवायचा त्याला. मी ओटीवर पानी सोडतो. पानी पुडं जाईल, त्याच्या मागं तो जाईल. पानी पायरीवर गेला का तू बोल, दादा, चल. मागं बगू नको."

तू विचार कर. बापाचं घर. सातबाराची भांडणं झाली तेव्हा ह्याच ओटीवर बसून तू म्हणालास, यमीचा अर्धा. मी म्हटलं, मला नको. तू म्हणालास, नको म्हटल्याने हिस्सा जात नसतो. घराच्या कागदावर आपली दोघांची नावं तूच लावून घेतलीस. आणि आता तुझ्या अर्ध्या घरातून तुला चल म्हणायचं काम माझ्याकडे आलं, कारण रक्ताची मीच एकटी उरले.

हजर: मी, वहिनी, मधुकर, त्याची बायको कमळ, आणि भगत. वहिनी दाराच्या आत, कवाडाला धरून. मधुकर आणि कमळ अंगणात. कमळ तरणी बाई आहे, पदर दातात धरून उभी होती. ती नाटक करत नव्हती.

भगताने तोंडाने काहीबाही म्हणत तांब्यातलं पाणी ओटीच्या मधोमध सोडलं. मी पायरीकडे बघत होते, पाणी तिथे येईल म्हणून. ते आलं नाही. क्षणभर लादीवर गोल थांबलं, मग हळूच वळलं आणि दाराकडे निघालं. उंबऱ्याला जाऊन टेकलं आणि तिथेच साचलं. वहिनीच्या पायाशी.

भगताचं तोंड थांबलं. कमळ किंचाळली नाही, फक्त मधुकरच्या पाठीमागे गेली आणि म्हणाली, "नाय जायाचा म्हनतो तो." वहिनीने कवाड सोडलं आणि खाली बसली. तिने त्या पाण्यात हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती दादा. काय होतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. तुला उशिरा घरी आलेलं बघून ती जशी व्हायची तशी झाली होती.

आणि मला एकटीला माहीत होतं.

बारा वर्षं मी ते पाणी बघत होते. तू लादी घातलीस तेव्हा गवंडी म्हणाला होता, लेव्हलची नळी लावून घेऊ. तू म्हणालास, "नळी कशाला? माजा डोळा हाय." डोळ्याने घातलीस. पहिल्याच पावसाळ्यात ओटीवरचं पाणी उंबऱ्याशी आलं. मी म्हटलं, उतार उलटा झालाय. तू म्हणालास, पाऊस आडवा हाय. दुसऱ्या वर्षी गोणपाट टाकलंस. तिसऱ्या वर्षी मी शेजारच्या पोरांची गोटी घेऊन ओटीच्या कडेला ठेवली. ती सुळकन दाराला जाऊन लागली. तू ती उचललीस, उजेडात धरून फिरवून बघितलीस आणि म्हणालास, "गोटीच वाकडी हाय." हे तू हसून म्हणालास, पण कबूल केलं नाहीस. दरवर्षी मी सुट्टीला आले की आपण दोघं खराटा घेऊन पाणी बाहेर ढकलायचो आणि भांडायचो. शेवटच्या पावसाळ्यातही भांडलो. "तू मेल्यावर तरी मान्य करशील का?" असं मी म्हणाले होते. रागात नव्हे, खराटा मारता मारता. तू म्हणालास, "मेल्यावर बगू."

तर आता बघायची वेळ आली होती आणि मला दोनच वाटा होत्या. गप्प राहिले असते तर कमळ त्या घरात कधीच आली नसती. सौदा मोडला असता, खोल्या गेल्या असत्या. बोलले असते तर घराची खोट दाखवली असती, आणि बारा वर्षं तू जे कबूल केलं नाहीस ते मी परक्या माणसांसमोर, तुझ्या माघारी, कबूल केलं असतं. आणखी एक गोष्ट. खरंच सांगते. उतार उलटा आहे हे पुरतं माहीत असूनही, पाणी वळलं तेव्हा मला आधी आनंदच झाला. हिशोब नंतर आला.

मी पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं आणि ओटीच्या कडेला ठेवलं. ते घरंगळत दाराकडे गेलं. उंबऱ्याला थडकून थांबलं.

"तो नाही," मी म्हटलं. "लादी आहे. माझ्या भावाने उतार उलटा घातला होता. पावसाळ्यात पाणी आत येतं. बारा वर्षं येतंय."

भगत चिडला. "लिंबू पन त्यानंच ढकलला आसंल!"

मला हसू फुटलं, दादा. अगदी तुझंच बोलणं होतं ते. मी हसले आणि लगेच माझे डोळे भरले, आणि कमळ माझ्याकडे बघत राहिली. मधुकर मात्र पुढे आला. पहिल्यांदाच ओटीवर चढला. खाली वाकून, एक डोळा मिटून, गाडीचा पाटा बघावा तसा त्याने लादीचा उतार बघितला.

"खरंच उलटा हाय की," तो म्हणाला. आणि श्वासही न घेता, "मग ही सगळी काडून परत घालायला लागंल."

"लागेल," मी म्हटलं. "त्याचे काप. मयताचे कापू देणार नाही. लादीचे काप."

"किती?"

"ओटी चोवीस बाय नऊ. दोनशे सोळा फूट. काढणं, घालणं, नवी लादी धरून फुटाला एकशे चाळीस. तीस हजार दोनशे चाळीस. दोनशे चाळीस तू सोड."

तो हसला. पहिल्यांदा हसला. "सोडले."

पण कमळ हलली नाही. ती म्हणाली, "ताई, लादीचा कळला. तरी तुमी त्याला एकदा सांगा. माज्यासाटी."

मी तिला काय सांगणार होते? की मी मानत नाही? ती माझ्या भावाच्या घरात दिवसभर एकटी राहणार होती. भगताने उरलेलं पाणी या वेळी पायरीवरच सोडलं. शहाणा माणूस. मी वहिनीकडे पाहिलं. तिने ओला हात पदराला पुसला आणि मान हलवली. मग मी म्हटलं, दादा, चल. आवाज फार लहान निघाला. भगत म्हणाला, मोठ्यानं. मी मोठ्याने म्हटलं. पायऱ्या उतरले, अंगणातून चालत मोहाच्या झाडापर्यंत गेले. भगताने तुला तिथेच सोडायला सांगितलं होतं. मी मनात म्हटलं, इथे थांबू नको, जव्हारला जा. तिथल्या वाऱ्यात तुझे दात वाजतात, माहीत आहे. तरी जा. ती एकटी आहे.

मागे बघायचं नव्हतं. मी बघितलं नाही. म्हणून मला आजही माहीत नाही, तू उतरलास की नाही.

दुसऱ्या दिवशी साठेखत केलं. त्यात मी एक ओळ घालून घेतली: ओटीच्या लादीच्या दुरुस्तीपोटी रुपये तीस हजार कमी. मयत हा शब्द त्या कागदात कुठेही नाही. हे मी तुझ्यासाठी करू शकले. त्याच ओळीने तुझी लादी मात्र कायमची वाकडी ठरली. दोन्ही एकाच सहीत झालं, आणि त्यातलं एक मिळालं म्हणून दुसरं भरून निघत नाही. बेरीज-वजाबाकी येत असून मला ते जमत नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खरेदीखत झालं. माझा हिस्सा अर्धा, असं वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, पैसे सगळे वहिनीच्या नावाने. तू असतास तर तिथेच भांडला असतास. माझ्या बाजूला रिकामी खुर्ची होती. भांडण झालं नाही. सही करताना हात थांबला तो त्यामुळे.

वहिनी जव्हारला गेली. दोन खोल्या, पुढे गॅलरी. तुझा हवा मारायचा पंप तिने बरोबर नेला आहे. कशाला ते मी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी मधुकर मोखाड्याला आमच्या दारात आला. या वेळी चप्पल काढून सरळ आत आला, बसला, पाणी प्यायला. खिशातून पाकीट काढलं.

"लादीचे सव्वीस झाले," तो म्हणाला. "गवंडी माज्या वळकीचा, जुन्यातली अर्धी लादी परत बसवली त्यानं. चार हजार उरले. ते वहिनीला द्यायचे."

"व्यवहार तीस हजारांना मिटलाय," मी म्हटलं. "कागदावर तसं आहे. तू काही देणं लागत नाहीस."

"कागदावर नाय लागत." तो पाकीट फिरवत राहिला. "लादीचे कापले ना. लादीला लागले नायत. मग ते कोनाचे?" आणि मग खाली बघून म्हणाला, "आनि कमळ बोलते, गेलेल्या मानसाचा पैसा घरात ठेवू नये."

आता ह्यातलं कुठलं खरं, दादा? प्रामाणिकपणा की भीती? तू म्हणाला असतास, बग, टायर चारी अंगानं सारका. मी म्हटलं असतं, भ्यालाय तो, तुला भ्यालाय. आपण त्यावर एक पावसाळा भांडलो असतो. मी एकटी दोन्ही बाजूंनी भांडून बघितलं, पण तुझी बाजू मला तुझ्यासारखी लढता येत नाही. आणि तो दीड लाखाचा अंदाज मी अजून विसरलेले नाही. ज्याने तो केला तोच माणूस चार हजार घेऊन समोर बसला होता.

"पाणी?" मी विचारलं. "आता कुठे जातं?"

"भाहेर. बेस जातं. बादली वतून बगितली."

मी मान हलवली. मला वाईट वाटलं. का, ते तुला कळेल.

त्याच संध्याकाळी तो मला जीपने जव्हारला घेऊन गेला. तर शेवटचा हिशोब असा. घराचे आठ लाख सत्तर हजार. त्यातले एकवीस हजार तुझ्या हातावर आले होते, आठ लाख एकोणपन्नास हजार चेकने सुमनवहिनीला. भगताला अकराशे, माझ्याकडून. कोंबडा आणि सामान नऊशे, तेही माझ्याकडून. आणि चार हजार रोख, मधुकरकडून, सुमनवहिनीच्या हातात. तिने मोजले नाहीत. मीही नाही. पावती मागितली नाही.